पाव किलोचा फरक

४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, प्रयोगशाळेत एक माणूस कमी पडतोय."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "इथे एक जास्त झालाय. घेऊन जा."

गेलो. दोघींचं आधी काही ठरलं होतं असं मला वाटत नाही. सूनबाईला खरंच गरज दिसते. गेल्या गेल्या तिने रबरी बूट पुढे ठेवले. ते नेमके माझ्या मापाचे निघाले. योगायोगच म्हणायचा, कारण तिथला दुसरा माणूस माझ्यापेक्षा पुष्कळ बारीक आहे. त्याला सगळे पैलवान म्हणतात. गाडी चालवणं, भांडी धुणं, साच्यांत काँक्रीटचे क्यूब भरणं ही सगळी कामं तो करतो.

काँक्रीट तपासायची ही प्रयोगशाळा सूनबाईची आणि आमच्या मुलाची. तो एप्रिलमध्ये झोपेत गेला. त्याबद्दल मला अधिक लिहायचं नाही.

फरशांच्या गोदामामागे एक लांबट खोली आहे. एका भिंतीला पाण्याच्या टाक्या, त्यांत काँक्रीटचे क्यूब बुडवून ठेवलेले. कोपऱ्यात ताकद मोजायला ते क्यूब दाबून फोडायचं मशीन. मधे वजनकाटा आणि फळीवर एअर मीटर. हा एअर मीटर म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ दिसतो. तसंच झाकण, तसेच क्लॅम्प, आणि वर शिट्टीच्या जागी डायल.

डायल बघून बरं वाटलं. वीज कंपनीच्या मीटर तपासणीत माझी नोकरी झाली. डायल आली की मला कळतं.

७ सप्टेंबर, शनिवार

सूनबाईने ताज्या काँक्रीटची चाचणी शिकवली. दुसऱ्याला शिकवताना ती अजिबात घाई करत नाही. माझ्या नोकरीत असे साहेब मला दोनच भेटले असतील.

भांडं तीन थरांत भरायचं. प्रत्येक थरात पंचवीस वेळा सळई खुपसायची, सळईची भोकं बुजावीत म्हणून बाहेरून रबरी हातोडीने ठोकायचं. "आपल्याकडे बारा ठोके," ती म्हणाली. "जास्त नाही, कमी नाही." मग वरून पट्टी फिरवून सपाट करायचं, कड पुसायची आणि वजन करायचं. त्यावरून घनता निघते. मग झाकण लावायचं, तोटीतून पाणी भरायचं, पंप मारायचा, झडप उघडायची. हवा किती टक्के आहे ते डायल सांगते.

मी विचारलं, "काँक्रीटमध्ये हवा मुद्दाम ठेवायची? मग ते पोकळ नाही का होणार?"

"मोठे बुडबुडे वाईट, बाबा. हे टाचणीच्या टोकाएवढे असतात. आपला पूल वर डोंगरात आहे. तिथे काँक्रीटमध्ये शिरलेलं पाणी थंडीत गोठतं आणि फुगतं. त्याला सरकायला जागा नसली की काँक्रीटच्या खपल्या निघतात. म्हणून पाच ते सात टक्के हवा हवीच. त्याहून जास्त झाली की ताकद जाते."

तिने हे इतकं सोपं करून सांगितलं की हे आधी कुणी सांगितलं कसं नाही, असं वाटलं. मुलाने सांगितलं असेल. माझं लक्ष नसेल.

पूल हे प्रयोगशाळेचं सगळ्यात मोठं काम आहे. पुलाच्या सल्लागार बाईंनी सूनबाईला स्पष्ट सांगितलंय, की दोघांच्या सहीने चालणारी प्रयोगशाळा एकीच्या सहीने चालते का ते आम्ही स्लॅबपर्यंत बघू. स्लॅब ऑक्टोबरअखेर. तोवर आकडे ठीक आले तर काम राहील, नाहीतर ते शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे जाईल. आणि हे गेलं की बाकीची कामंही एकेक करून जातील.

सूनबाई हे सांगत होती तेव्हा एकीकडे सळई पुसत होती. आवाजात काही फरक नव्हता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज पहिली चाचणी एकट्याने केली. सूनबाईने वजन पाहिलं, डायल पाहिली आणि मान हलवली. तिची मान हलणं म्हणजे शाबासकी, असं पैलवान म्हणतो.

हातोडीचं काम मला आवडतं. ठोकलं की वर बुडबुडे येतात आणि फुटतात, मग पुन्हा येतात. बघत राहावंसं वाटतं. त्या वेळी डोक्यात काहीच नसतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज क्यूब फोडण्याचा दिवस होता. पैलवान क्यूब टाकीतून काढतो, पुसतो, वजन करतो. पण मशीनवर सूनबाईच. दार लावून घेते आणि सगळे क्यूब स्वतः दाबते. आवाज बाहेरपर्यंत येतो.

पैलवान तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "दादा होते तेव्हा मीच दाबायचो. आता मॅडम मला मशीनला हात लावू देत नाहीत. माझं काय चुकलं तेही सांगत नाहीत."

मी म्हटलं, "जबाबदारी अंगावर पडली की माणूस जपून वागतो."

"मशीन काय मी घरी नेणार आहे?"

खरं सांगायचं तर सूनबाईचं मला कौतुक वाटलं. एवढं ऑफिसचं काम असूनही ती एक क्यूब दुसऱ्यावर सोपवत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पुलावर गेलो. आजपासून तिथल्या चाचण्या माझ्याकडे. पायथ्याशी आमची पत्र्याची खोली आहे, शेजारी ठेकेदाराची. दोन्हीकडे तीच भांडी, तेच मीटर. मिक्सरची गाडी आली की दोघांनी एकाच गाडीतलं काँक्रीट घ्यायचं आणि आपापली चाचणी करायची. ठेकेदाराचा आकडा त्याच्यापुरता. गाडी घ्यायची की परत पाठवायची ते आमच्या आकड्यावर ठरतं.

त्यांचा माणूस पन्नाशीचा, पोट सुटलेला. गॉगल पत्र्याखालीही काढत नाही. मी मनात त्याचं नाव गॉगल ठेवलं. नंतर कळलं की सगळेच त्याला तेच म्हणतात, आणि तो ओ देतो.

"काका, या वयात काँक्रीट?" त्याने विचारलं.

"तुमच्या वयात मीटर होते."

तो मोठ्याने हसला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. माणूस वाईट नसावा.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज पहिलं भांडण.

गॉगलच्या मीटरवर हवा साडेपाच टक्के. माझ्या मीटरवर सव्वाचार. म्हणजे पाचाच्या खाली. मी सांगितलं, गाडी परत.

"काका, परत एकदा करा."

परत केली. अगदी मन लावून, घाई न करता. चारच आली. वजनही तेच सांगत होतं. हवा कमी तर भांडं जड, आणि भांडं जडच होतं. दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देत होते. असं असताना माघार कशी घ्यायची?

गॉगल म्हणाला, "अहो, मी पण आजच जन्मलेलो नाही!"

"मीटरला वय नसतं," मी म्हणालो.

गाडी परत गेली. मागची दुसरीही गेली. गॉगलने सूनबाईला फोन लावला आणि माझ्यासमोरच बोलला. तिचं बोलणं मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बाबांनी दोनदा केलंय ना? मग आमचा आकडा तोच."

येताना गाडीत मी आजचे आकडे पुन्हा वहीत उतरवले. कुणी आपल्या बाजूने असं उभं राहतं तेव्हा काय बोलायचं असतं ते मला कधी सुचलेलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

या आठवड्यात आणखी चार गाड्या परत. दर वेळी माझा आकडा गॉगलपेक्षा सव्वा-दीड टक्क्याने कमी. सूनबाईने सगळं थांबवून मीटर तपासायला घेतला. ते काम मी मागून घेतलं, ते माझं आहे.

भांड्यात काठोकाठ पाणी भरून वर काच सरकवली आणि भांड्याचं माप घेतलं. बरोबर. वजनकाट्यावर प्रमाणित वजनं ठेवली. बरोबर. डायलला ठरावीक हवा देऊन पाहिली. केसाचाही फरक नाही. पुलावर जाऊन गॉगलचा मीटरही तपासला, तोही बरोबर.

म्हणजे आमचा मीटर बरोबर, काटा बरोबर, भांडं बरोबर. मग चूक त्यांच्या करण्यात आहे, हे उघड आहे. गॉगल काहीतरी लबाडी करतो. मी तसं सूनबाईला सांगितलं.

तिने तपासणीची नोंदवही मिटली. मग म्हणाली, "बाबा, ठोकताना मोजता ना?"

"मोजतो की. बारा."

"बरं."

पैलवान मधेच म्हणाला, "बाबा एकदम मन लावून करतात, मॅडम. त्यांचं टपटप सुरू झालं की मी चहा पिऊन येतो."

पैलवान सहसा कुणाची स्तुती करत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी ते वठणीवर आले. काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवाल्यांनी हवा धरणारं रसायन वाढवलं. आज माझ्या मीटरवर सव्वापाच. गाड्या घेतल्या. पुलाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कठड्याचं काँक्रीट सुरू झालं.

गॉगलच्या मीटरवर पावणेसात आली. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, आता जास्त होतंय हो. मला हे बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

वीज कंपनीतही असंच असायचं. ग्राहक तक्रार करायचे आणि मीटर बरोबर निघायचा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कठड्याचे सात दिवसांचे क्यूब आज फोडले. सूनबाई आत होती. मधेच दार उघडून पैलवानला विचारलं, "वजनं बरोबर घेतलीस?"

"हो."

"पुन्हा घे."

पुन्हा तीच आली. क्यूब हलके होते, आणि फुटलेही लवकर. अगदी नापास नाहीत, पण काठावर.

ती बाहेर आली आणि स्टुलावर बसली. ती दिवसा कधी बसत नाही.

"पैलवान क्यूब भरतो आणि बाबा भांडं," ती हळू म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "काँक्रीट एकच. भांडं म्हणतं जड. क्यूब म्हणतात हलकं."

"मग पैलवानचं काहीतरी चुकलं," मी म्हणालो.

पैलवानने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "उद्या सकाळी इथेच एक घाणा काढू. तिघंही लवकर या."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सूनबाईने स्वतः सगळं मोजून लहान मिक्सरमध्ये काँक्रीट केलं. पुलाचंच मिश्रण. म्हणाली, तिघांनी एकामागून एक त्याच भांड्यात त्याच मीटरवर चाचणी करायची. आधी ती, मधे मी, शेवटी पैलवान.

ती काम करते ते बघण्यासारखं असतं. सळई मनगटातून पडते, खांद्यातून नाही. थर संपला की संपला. हात पुन्हा तिकडे वळत नाही.

मग मी केली. मग पैलवानने.

"बाबा, आकडे तुम्हीच लिहा," ती म्हणाली, आणि पाठ करून सळई धुवायला लागली.

मी लिहिले. तिची हवा साडेपाच. पैलवानची साडेपाचच्या किंचित वर. माझी सव्वाचार. माझं भांडं दोघांच्या भांड्यांपेक्षा पाव किलो जड.

आकडे पुन्हा वाचले. वेळ गेल्यामुळे हवा निघून गेली असेल म्हणावं तर पैलवान माझ्यानंतर होता. मीटर बिघडला म्हणावं तर तो मीच तपासला होता.

"मग माझे हात," मी म्हणालो.

सूनबाई वळली. "मी पैलवानला मोजायला सांगितलं होतं. तुम्हाला न कळू देता. रागावू नका."

"किती?"

पैलवान छताकडे बघत म्हणाला, "चाळिसानंतर मी सोडून दिलं, बाबा. आणि तो पहिलाच थर होता."

"मी बारा मोजले होते. मला आठवतात, बारा."

"आणि मग?" सूनबाईने विचारलं.

"मग काही नाही. बुडबुडे येत असतात." मी हातोडी फळीवर ठेवली. "तेव्हा बरं वाटतं. म्हणजे वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही."

मोठे बुडबुडे जायला हवे होते, ते बारा ठोक्यांत गेले. पुढच्या ठोक्यांनी मी जी हवा राहायला हवी तीच बाहेर काढत होतो. भांडं तेच, म्हणून वजन आणि डायल दोन्ही एकच खोटं सांगत होते. मीटर तपासण्यात आयुष्य गेलं आणि मीटरपर्यंत पोचण्याआधीच काम बिघडत होतं, हे मला कळलं नाही.

सूनबाईने हात पुसले. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "मी क्यूब दाबते ना, तेव्हा काटा चढत असतो आणि मी त्याच्याकडे बघत असते. फुटेपर्यंत दुसरं काही नसतं. म्हणून मशीन कुणाला देत नाही."

पैलवान म्हणाला, "मला वाटलं तुमचा माझ्यावर भरवसा नाही."

"तुझ्यावरच आहे. उद्यापासून तूच दाब."

"नको, राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "एक दिवसाआड करू."

तिघंही हसलो. मग ती आत गेली आणि प्लांटला फोन करून सांगितलं, रसायन आधीच्या प्रमाणावर आणा, कारण मंगळवारी समोरासमोर सांगते. परत गेलेल्या गाड्यांच्या वादावरून मंगळवारी सल्लागार बाईंनी दोन्ही प्रयोगशाळांची एकत्र चाचणी ठेवली आहे. स्लॅबही त्याच दिवशी सुरू व्हायचा आहे.

मी म्हणालो, "माझं नाव सांग. म्हातारा होता, त्याने घोळ केला, काढून टाकला. तू सुटशील."

"अहवालावर सही माझी आहे, बाबा."

"पण हात माझा होता."

"तुम्हाला काढायचं असतं तर ठेवलं कशाला असतं?" असं म्हणून ती कामाला लागली. या बोलण्याचा अर्थ मला नीट लागला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"ती उगाच खरं बोलायला जातेय असं वाटतं का तुम्हाला?" हिने विचारलं.

"नाही. पण काम जाईल. एवढं उभं केलेलं सगळं जाईल, आणि माझ्यामुळे जाईल."

"तो असता तर काय केलं असतं?"

मी विचार केला. "रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्या."

"आणि सकाळी तिलाच पुढे केलं असतं, आणि आपण मागे फाईल धरून उभा राहिला असता," ही म्हणाली. "आपला मुलगा भित्राच होता हो."

"होता."

"पण बायको बरोबर निवडली."

एप्रिलनंतर आम्ही दोघं त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोललो, आणि बोललो ते हे असं. ही हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मग म्हणाली, "तुम्ही दिवसभर टेबलावर बोटांनी टपटप करत बसायचात, आठवतं का? सकाळी सुरू, ते जेवायलाच थांबायचात. मला वेड लागायची पाळी आली होती. म्हणून तर मी तिला..." आणि थांबली.

"म्हणून तर काय?"

"काही नाही. दूध बघा, उतू जाईल."

मी टेबलावर टपटप करत असेन असं मला वाटत नाही. ही थोडं वाढवून सांगते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

पत्र्याच्या खोलीत सल्लागार बाई, गॉगल, सूनबाई, पैलवान आणि मी. सल्लागार बाई साठीच्या पुढच्या, केस पिकलेले, बुटांना चिखल. येताना त्या स्लॅबच्या सळ्यांवरून चालत आल्या होत्या. गॉगलच्या काखेत परत गेलेल्या गाड्यांची जाडजूड फाईल होती. बाहेर मिक्सरची गाडी फिरत उभी होती.

सल्लागार बाई म्हणाल्या, "चला, सुरू करा."

"त्याआधी मला बोलायचंय," सूनबाई म्हणाली. उभी राहून, गॉगलकडे तोंड करून, कागद न बघता बोलली. "या महिन्यात तुमच्या सहा गाड्या आमच्या आकड्यावर परत गेल्या. त्या चांगल्या होत्या. आमच्याकडे भांडं गरजेपेक्षा जास्त ठोकलं जात होतं, त्यामुळे हवा कमी दिसत होती. त्यावर तुम्ही रसायन वाढवलंत आणि कठड्यात हवा जास्त गेली. तिथले क्यूब काठावर आहेत. अठ्ठावीस दिवसांचे दाबू तेव्हा तुमचा माणूस उभा राहू दे. चूक आमच्या प्रयोगशाळेची. तसं लिहून आणलंय."

मी पुढे झालो होतो. तिने माझ्याकडे न बघता हाताने मागे राहायची खूण केली.

गॉगलने गॉगल काढला. डोळे बारीक आहेत त्याचे, आणि थकलेले. "मॅडम, मी ही एवढी फाईल करून आणली होती. आता हिचं काय करू?"

"तिच्यावर बसा," सल्लागार बाई म्हणाल्या. "इथे खुर्ची कमी आहे." मग सूनबाईकडे वळल्या. "हे तुम्ही चाचणी झाल्यावरही सांगू शकला असता."

"आज आमचा आकडा बरोबर येईल, बाई. तो आल्यावर मला हे सांगायची गरजच वाटली नसती."

मी नोकरीत पुष्कळ चौकशा पाहिल्या. पुष्कळांना चुका लपवताना पाहिलं, काहींना पकडल्यावर कबूल करताना पाहिलं. कुणी पकडायच्या आत चूक अशी स्वतःहून समोर ठेवलेली पाहिली नव्हती. ही मुलगी आमच्या घरात राहते.

सल्लागार बाईंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "यापुढे चाचणी कोण करणार?"

मला वाटलं, पैलवान. तसंच ठरलं असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नसेल.

"हेच करतील," सूनबाईने माझ्याकडे बोट केलं. "शनिवारी आणि काल मी स्वतः तपासून घेतलंय. गाडी उभीच आहे, तुम्ही बघून घ्या."

शनिवारी आणि काल तिने मला सारखं भांडं भरायला लावलं होतं, ते मला शिक्षा वाटली होती.

गॉगलने त्याच्या टेबलावर भांडं घेतलं, मी माझ्या. सगळे बघत होते. मी मोठ्याने मोजायचं ठरवलं. लाज वाटली, तरी मोजलं. पहिला थर, दुसरा, तिसरा. वजन केलं. झाकण, पाणी, पंप, झडप.

माझी हवा पावणेसहा. गॉगलची सहाला थोडी कमी.

सल्लागार बाईंनी दोन्ही डायलवर बोटाने टिचकी मारली, काटे हलले नाहीत. म्हणाल्या, "स्लॅबला दोघं एकत्र उभे राहा आणि एकमेकांचे ठोके मोजा. प्रयोगशाळा हीच राहील." एवढं बोलून त्या परत सळ्यांवरून चालत गेल्या.

सूनबाईने मान हलवली. फक्त तेवढंच. पैलवानने बाहेर जाऊन मिक्सरवाल्याला हात केला आणि स्लॅब सुरू झाला.

गॉगल मला म्हणाला, "बरं झालं काका, तुम्ही मोठ्याने मोजलंत. मी माझे विसरलो आणि तुमच्या मोजण्यावरच ठोकले."

मी त्याच्याबद्दल लबाडीचं बोललो होतो. उद्या चहा माझ्याकडून.

एक लिहायचं राहिलं. तिसऱ्या थराला बारा म्हणालो आणि हातोडी खाली ठेवली. वर अजून एक-दोन बुडबुडे येत होते. ते तसेच राहू दिले. मग आवाज थांबला, आणि जे इतके महिने येऊ दिलं नव्हतं ते आलं. एप्रिलमधली ती सकाळ. सूनबाई आमच्या खोलीच्या दारात उभी, आणि म्हणते आहे, बाबा, तो उठत नाहीये.

मला समोरचं दिसेना. वरून पट्टी फिरवायची होती, ती फिरवली. कड पुसायची होती, पुसली. वजन पैलवानने वाचलं. झाकण ठेवलं. झाकणाचे क्लॅम्प समोरासमोरचे एकदम दाबावे लागतात, नाहीतर ते तिरकं बसतं आणि हवा निसटते. एकट्याला ते जमतं, मी रोज करतो. पण सूनबाई टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. दोन तिने धरले, दोन मी, आणि आम्ही ते एकदम दाबले.